लायपोसोमने डीएनए पेशीत जात नाही? आधी या चुका टाळा

पेशींत चमक आणणारा डीएनए टाकला, ४८ तास वाट बघून प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि अख्ख्या वेलमध्ये (प्लेटच्या एका खळग्यात) चमकणाऱ्या पेशी दोनच! अशा वेळी पहिली शिवी रिएजंटला, म्हणजे डीएनए आत नेणाऱ्या लिपिडच्या द्रावणाला बसते. माझा अनुभव असा, की दहातल्या आठ वेळा घोळ मिसळणीत असतो.

नावामुळेही गैरसमज होतो. लायपोसोम म्हणजे कुपी आणि डीएनए तिच्या पोटात, असं चित्र डोक्यात बसतं. १९८७ मध्ये संशोधक फेल्गनर आणि सहकाऱ्यांनी धनभारित लिपिड (स्निग्ध रेणू) वापरून ही पद्धत रूढ केली, पण तिथे डीएनए कुपीत भरलेला नसतो. ऋणभारित डीएनए आणि धनभारित लिपिड एकमेकांना चिकटून गोळा बनतो. तो गोळा किती मोठा आणि किती धनभारित, यावर पुढचं सगळं ठरतं. दोन्ही भार जवळपास सारखे झाले की कण एकमेकांना ढकलेनासे होतात आणि गुठळ्या धरतात. ट्यूब उजेडात धरा: नासलेल्या दुधासारखे कण दिसले तर ती सरळ फेका. उलट लिपिड फार झालं, तर पेशी गोल होऊन तरंगायला लागतात. म्हणून २४ वेलच्या प्लेटमध्ये डीएनए अर्धा मायक्रोग्रॅम कायम ठेवा आणि फक्त लिपिडचं प्रमाण बदलत जा. एक दिवस जातो, पण पुढचे दोन महिने वाचतात.

मिसळताना मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात) सीरम, म्हणजे रक्तद्रव, नको. त्यातली ऋणभारित प्रथिनं डीएनएच्या आधीच लिपिडला जाऊन चिकटतात. अँटिबायोटिकही त्या दिवशी बंद, कारण लिपिडबरोबर तेही आत शिरतं आणि पेशी मारतं. व्हॉर्टेक्स (यंत्राने जोरात घुसळणं) करू नका, पिपेटने हळूच हलवा. मिश्रण करून चहाला गेलात आणि तासाभराने आलात, तर कण फुगलेले असणार.

आमच्याकडे एका नव्या मुलाने रिएजंटची बाटली मोठ्या काळजीने उणे २० अंशांवर ठेवली होती. ती ४ अंशांवर ठेवायची असते. गोठवल्यावर कण फुटतात, एकत्र येतात आणि वरून काहीच कळत नाही.

डीएनएच्या शुद्धतेचं २६०/२८० गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाचं) १.८ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. त्या आकड्यात जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (त्यांच्या आवरणातलं विष) दिसतच नाही. तुलनेसाठी कंट्रोल तीन हवेत: नुसत्या पेशी, नुसतं लिपिड, नुसता डीएनए. पेशी मेल्या तर कशाने, हे त्याशिवाय कसं सांगणार?

एचईके २९३ या भराभर विभागणाऱ्या प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये जमलं म्हणून न्यूरॉनमध्ये (चेतापेशीत) जमेल, असं नाही. विभाजन होताना केंद्रकाचं आवरण विरघळतं तेव्हा डीएनएला वाट मिळते. न विभागणाऱ्या पेशीत ती जवळपास बंदच.

आणि प्लेटमधलं यश थेट रुग्णापर्यंत नेऊ नका. रक्तात गेल्यावर हेच कण प्रथिनांत गुरफटतात आणि फुप्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसं बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजारासाठी ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले, औषध (लिपिडमधला डीएनए) नेब्युलायझरने, म्हणजे वाफेसारखं श्वासातून दिलं, महिन्यातून एकदा, वर्षभर. श्वसनक्षमतेत प्लासिबोपेक्षा फरक पडला ३.७ टक्क्यांचा. त्यातल्या प्लास्मिडमधून (डीएनएच्या वर्तुळातून) सीपीजी क्रम, म्हणजे सी आणि जी या अक्षरांच्या लागोपाठच्या जोड्या, मुद्दाम काढून टाकले होते, कारण शरीर त्यांना जिवाणूची खूण समजतं आणि दाह सुरू करतं.