बाथरूमचं वॉटरप्रूफिंग हप्त्यांवर: किती रक्कम, कोणत्या तारखेला, कशाच्या भरवशावर

एप्रिल-मे उजाडला की वॉटरप्रूफिंगच्या चौकशा वाढतात, आणि नेमकी तेव्हाच घरोघरी पैशांची ओढाताण असते. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, गावाकडे शेती असेल तर पेरणीचं बियाणं. इकडे खालच्या मजल्यावरचं छत गळतंय, शेजारी रोज दार वाजवतायत, काम पुढे ढकलता येत नाही. ९०-९५ हजार एकदम काढणं मात्र जमत नाही. मग ग्राहक तुम्हाला, म्हणजे ठेकेदाराला, विचारतो: "थोडे थोडे करून दिले तर चालतील का?"

याला "द्या हो सावकाश" असं उत्तर दिलंत की तो हप्ता राहत नाही, ती उधारी होते. हप्त्याला रक्कम असते, तारीख असते आणि तो कुठल्या मार्गाने येणार हे आधी ठरलेलं असतं. काम सुरू होण्याआधी या तीन गोष्टी कागदावर आल्या नाहीत, तर मिस्त्रीला पाठवू नका.

हप्त्यावर काय टाकायचं

नियम एकच आहे आणि तो मोडू नये. खिशातून जाणारा पैसा हप्त्यावर टाकायचा नाही, हप्त्यावर जाईल ती फक्त स्वतःची कमाई.

एक हिशोब मांडून बघा. जुन्या इमारतीतल्या दोन बाथरूमचं काम आहे: टाइल्स फोडणं, जुना कोबा काढणं, कोटिंग, नवा कोबा, नव्या टाइल्स. कामाची किंमत ८०,००० रुपये, १८ टक्के जीएसटी १४,४०० रुपये, एकूण बिल ९४,४००. तुमचा खर्च असा:

माल ३०,००० आणि त्यावरचा जीएसटी ५,४००
मिस्त्री आणि बिगारी २४,०००
राडारोडा उचलणं आणि वाहतूक ४,०००
सरकारला भरायचा उरलेला जीएसटी (१४,४०० वजा मालावर आधीच भरलेला ५,४००) ९,०००

ही बेरीज ७२,४०० होते. ९४,४०० मधून ती वजा केली की २२,००० उरतात. हप्त्यावर जाऊ शकतात ते एवढेच. म्हणून मागणी अशी करायची: काम सुरू होण्याआधी ४०,०००, म्हणजे माल आणि वाहतूक सुटली. पाणी भरून चाचणी पास झाली की ३२,४००, म्हणजे पहिल्या टप्प्यातले उरलेले ६०० धरून मजुरी आणि कर सुटला. राहिलेले २२,००० दरमहा ५,५०० प्रमाणे चार हप्त्यांत.

ग्राहकाच्या बाजूने बघितलं तर त्याचंही ओझं हलकं झालेलं असतं, कारण ९४ हजार एकदम काढण्याऐवजी पैसे सहा टप्प्यांत जातात. आणि सगळे हप्ते बुडाले तरी तुमच्या घरातून दमडी जात नाही, फक्त त्या कामाची कमाई जाते. जे ठेकेदार "अर्धे आत्ता, अर्धे सहा महिन्यांत" असं कबूल करतात, ते दुकानदाराचे आणि बिगाऱ्याचे पैसे ग्राहकाला वापरायला देत असतात. अशी तीन-चार कामं एकदम अंगावर आली की शनिवारचा पगार निघत नाही.

१५,००० रुपयांच्या आतल्या कामाला हप्ता देऊच नका. नळ, फ्लश टँक, एखादा सांधा भरणं यांचे पैसे काम झाल्यावर लगेच. वसुलीसाठी मारलेल्या दोन फेऱ्यांतच त्यातली कमाई संपते.

जीएसटी हप्त्यांची वाट बघत नाही

इथे बरेच जण फसतात. काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत बिल द्यावं लागतं आणि बिल निघालं की त्यावरचा सगळा कर देय होतो. मासिक विवरणपत्र भरत असाल तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत तो भरायचा, ग्राहकाकडून एकच हप्ता आलेला असो वा एकही नसो. सेवेसाठी घेतलेल्या अॅडव्हान्सवरही तो ज्या महिन्यात मिळाला त्या महिन्याचा कर लागतो, आणि तेव्हा ग्राहकाला पैसे मिळाल्याचं व्हाउचर द्यायचं असतं. पुढे ग्राहकाने पैसे बुडवले म्हणून भरलेला जीएसटी परत मिळत नाही. वरच्या हिशोबात ९,००० रुपये चाचणीच्या टप्प्यातच वसूल केले ते यासाठी.

व्याज लावायचं का?

लावू नका. आपल्या कामाचे पैसे उशिरा घेणं वेगळं आणि त्यावर दरमहा टक्का आकारणं वेगळं. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणं गुन्हा आहे, आणि व्याजाच्या पावत्या फाडायला लागलात की हा प्रश्न दाराशी येऊ शकतो. त्यापेक्षा सोपी वाट म्हणजे एकच दर ठेवा आणि सगळी रक्कम चाचणीच्या दिवशी देणाऱ्याला तीन टक्के सूट द्या. ग्राहकाला सूट समजते आणि आवडते.

उशिराचा आकार ठेवायचा तर माफक आणि आधी लिहून ठेवा: तारखेनंतर सात दिवसांची मुभा, मग चुकलेल्या प्रत्येक हप्त्याला २०० रुपये. त्यावरही जीएसटी लागतो. नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारी अट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक करारात मोडते.

कार्डाचा ईएमआय: पैसे लगेच, पण फुकट नाही

ग्राहक अनोळखी असेल, किंवा त्याला पूर्ण बिलच सहा-नऊ महिन्यांत फेडायचं असेल, तर धोका बँकेकडे जाऊ द्या. पेमेंट कंपनीच्या मशीनवर किंवा लिंकवर क्रेडिट कार्डाचा ईएमआय घेता येतो. ग्राहक बँकेचं फेडतो, तुमच्या खात्यात पैसे कामकाजाच्या दोन-तीन दिवसांत येतात.

साध्या ईएमआयमध्ये व्याज ग्राहक भरतो, तुम्हाला फक्त मशीनचं शुल्क पडतं. 'नो-कॉस्ट' ईएमआयमध्ये व्याज तुमच्या खिशातून जातं. ९४,४०० चं बिल, सहा महिने, बँकेचा दर साल १५ टक्के धरा. ग्राहकाला दरमहा १५,७३३ रुपयेच पडावेत म्हणून तुम्हाला सुमारे ४,००० रुपये सूट द्यावी लागते. वर शुल्क २ टक्के धरलं तर आणखी १,८००. म्हणजे २२,००० च्या कमाईतले ५,८०० गेले, चौथ्या हिश्श्याहून जास्त. हा आकडा डोळ्यासमोर ठेवून दर ठरवा. परवडत नसेल तर साधाच ईएमआय द्या.

ग्राहकालाही खरं सांगा. 'नो-कॉस्ट' असला तरी व्याजाच्या रकमेवर बँक १८ टक्के जीएसटी लावते, या उदाहरणात ७०० रुपयांच्या वर, आणि बऱ्याचदा प्रक्रिया शुल्कही घेते. स्टेटमेंट आल्यावर त्याला हे कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून आधी कळलेलं बरं.

फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर मुख्य अटींचा तक्ता ग्राहकाने स्वतः वाचायचा, ओटीपी त्याने स्वतः टाकायचा. त्याचा फोन हातात घेऊन फॉर्म भरून देऊ नका. कर्जाची रक्कम तुमच्याकडे आल्यावर काम रखडलं तरी त्याचा ईएमआय सुरूच राहतो. तो थांबवला तर त्याचा सिबिल स्कोअर खाली येतो, आणि त्याचा राग कंपनीवर निघत नाही, तुमच्यावर निघतो. म्हणून अशा कामाची तारीख आधी पक्की करा, कर्ज मग.

आपले हप्ते कसे गोळा करायचे

यूपीआय ऑटोपे सगळ्यात सुटसुटीत. ग्राहक एकदा पिन टाकून मंजुरी देतो. १५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता पुढे पिनशिवाय कापला जातो आणि २४ तास आधी त्याला सूचना जाते. मंजुरीत रक्कम, पहिली तारीख आणि शेवटची तारीख नीट भरा. ग्राहक ही मंजुरी ॲपमधून कधीही रद्द करू शकतो हेही लक्षात असू द्या. विसराळूपणावर हा चांगला उपाय आहे, पैसे बुडवायचेच ठरवलेल्यावर नाही.

तारीख पगारानंतरची घ्या. "पगार कितीला होतो?" हे सरळ विचारा आणि त्याच्या दोन दिवसांनंतरची तारीख टाका. महिनाअखेरची तारीख टाकलेला हप्ता शिल्लक नसल्याने परत जातो, वर ग्राहकाला बँकेचा दंड पडतो आणि नात्यात उगाच कडवटपणा येतो. दुकानदार किंवा रिक्षावाला असेल तर महिन्याला ५,५०० पेक्षा आठवड्याला १,३७५ त्याला सोपं जातं.

पुढच्या तारखांचे चेक घेत असाल तर नाव, रक्कम, तारीख भरूनच घ्या, कोरे नकोत. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोचल्यावर पैसे भरायला १५ दिवस, आणि तेही उलटले तर एक महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. चेक न वटण्याबद्दलच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातल्या कलम १३८ ची ही साखळी चुकली तर हातचं हत्यार जाऊ शकतं. 'नाच' (NACH, खात्यातून ठरल्या तारखेला आपोआप पैसे कापण्याची बँकांची व्यवस्था) मंजुरीने घेतलेला हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला, तरी पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याच्या कलम २५ खाली अशीच कारवाई होते.

रोख हप्त्यांबद्दल एक इशारा: एकाच कामापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, मग ती रक्कम कितीही तुकड्यांत आलेली असो.

कागदावर काय हवं

दोन पानं पुरतात, मराठीत. कामाचं वर्णन बाथरूमनिहाय, एकूण रक्कम करासह, टप्पे आणि तारखा, उशिराचा आकार, लागोपाठ दोन हप्ते चुकले तर उरलेली सगळी रक्कम एकदम देय होईल ही अट, आणि थकबाकी असताना वॉरंटीचं काय होईल ते. सही घरमालकाची घ्या. भाडेकरू कितीही भला असला तरी त्याच्या एकट्याच्या सहीवर हप्ते देऊ नका. ओळखीसाठी मास्क केलेलं (शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेलं) आधार आणि वीजबिल पुरे.

गळतीचे पैसे कोण देणार हे सही करण्याआधी मिटलंय का, तेही बघा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची आणि बाहेरच्या भिंतींतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, बाथरूम-सिंकची आतली गळती सभासदाने. वरचा म्हणतो खालच्याने अर्धे द्यावेत, खालचा म्हणतो सोसायटीने. असा वाद चालू असताना काम घेतलं तर दुसऱ्या हप्त्यापासून फोन उचलणं बंद होतं. निम्मे-निम्मे ठरलं असेल तर दोघांशी वेगवेगळा करार करा, दोघांचे हप्ते वेगळे.

हप्ते कुठे अडतात

सगळ्यात जास्त अडतात ते ओल्या छतापाशी. काम उत्तम झालं तरी स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी सुकायला कित्येक आठवडे लागतात, पावसाळ्यात आणखी जास्त. खालच्या घरातला डाग तसाच दिसतो, ग्राहकाला वाटतं काम फसलं, आणि तो हप्ता थांबवतो. म्हणून चाचणी अशी करा की नंतर वाद उरू नये. निचऱ्याचं तोंड बंद करा, फरशीवर दोन इंच पाणी भरा, पातळीवर भिंतीला पेन्सिलने रेघ मारा आणि रेघेचा फोटो घ्या. खालच्या छतावर त्या दिवशी जो डाग आहे त्याच्या कडेनेही पेन्सिल फिरवा आणि तोही फोटो घ्या. ४८ तासांनी रेघ आणि पाणी जुळतंय का बघा (बाष्पीभवनाने किंचित उतरतं, ते चालतं), आणि डाग पेन्सिलच्या बाहेर गेलाय का तेही. दोन्ही घरांच्या सह्या घ्या, मगच ३२,४०० मागा. "डाग सुकायला वेळ लागेल, पूर्ण सुकल्याशिवाय छताला रंग लावू नये" हे वाक्य कोटेशनमध्येच छापून टाका.

दुसरी अडचण वाढीव कामाची. टाइल्स फोडल्यावर आतला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप सडलेला निघतो आणि बिल आठ-दहा हजारांनी वाढतं. तिथेच काम थांबवा, फोटो पाठवा, वाढीव कामाच्या चिठ्ठीवर सही घ्या आणि ते पैसे चाचणीच्या टप्प्यात जोडा. हप्त्यांच्या शेपटाला लावू नका.

हप्ता चुकला तर पहिल्याच दिवशी साधा निरोप पाठवा: "नमस्कार काकू, ७ तारखेचा ५,५०० चा हप्ता बँकेतून परत आलाय. काही अडचण आहे का? १४ तारखेपर्यंत जमवलंत तर उशिराचा आकार लागणार नाही." निम्मे हप्ते याच निरोपाने मार्गी लागतात. चौदाव्या दिवशी फोन, तिसाव्या दिवशी लेखी पत्र. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात नाव टाकणं, दारात माणसं उभी करणं, बसवलेला नळ काढून आणणं यातलं काहीही करू नका. त्याने पैसे येत नाहीत, उलट तक्रार तुमच्यावर होते. आणि ग्राहकाने गळतीची तक्रार केली असेल तर आधी सात दिवसांत जाऊन बघा, मग हप्त्याचा विषय काढा.

एका वेळी किती जणांना हप्ते द्यायचे? बाहेर अडकलेली एकूण रक्कम तुमच्या एका महिन्याच्या मजुरीच्या बिलाइतकी झाली की थांबा. पुढच्या ग्राहकाला कार्डाचा ईएमआय सुचवा, किंवा तारीख पुढची द्या. वहीत नाव, फ्लॅट, एकूण, आलेले, बाकी, पुढची तारीख एवढे रकाने पुरतात, पण दर सोमवारी ती वही उघडली गेली पाहिजे.

शेवटचा हप्ता जमा झाला की त्याच दिवशी "पूर्ण रक्कम मिळाली" अशी पावती द्या, ऑटोपेची मंजुरी बंद झाली का ते ग्राहकाच्या समोर तपासा, न वापरलेले चेक परत करा, आणि वॉरंटी कार्डावर चाचणीची तारीख टाकून सही करून द्या.