परदेशातल्या घोटाळ्याची बातमी हिशेबाच्या नजरेनं कशी वाचावी

सहकारी पतसंस्थांचे हिशेब तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर सांगलीत आमच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलंमुली येतात, त्यांच्यासोबत मी रविवारी बसते. ‘विविध देशांतील राजकीय भ्रष्टाचार व त्याचे परिणाम’ या विषयावर त्यांच्याकडे टिपणं तयार असतात. कारणं पाच, परिणाम सात, उपाय सहा. ती पाठ होतात, पण मलेशियात किंवा मोझांबिकमध्ये नेमकं काय घडलं, हे त्यावरून एकालाही सांगता येत नाही. म्हणून मी त्यांना जी पद्धत शिकवते, तीच इथे लिहिते. परीक्षा द्यायची नसली तरी ती उपयोगी पडेल.

वहीचं एक पान घ्या आणि चार रकाने आखा. पहिल्यात पैसे मुळात कोणाचे होते, ते लिहा. दुसऱ्यात, कोणाच्या सहीने ते बाहेर पडले. तिसऱ्यात, हरकत घेणं कोणाचं काम होतं आणि त्या माणसाचं पुढे काय झालं. चौथ्यात, आज ते कोण फेडतंय. ‘खाल्ले कोणी’ असा रकाना मी मुद्दाम ठेवलेला नाही, कारण ते बातमीचा मथळाच सांगतो. मलेशियाचे माजी पंतप्रधान नजीब रझाक यांच्याशी संबंधित जागांवर २०१८ साली छापे पडले तेव्हा ५६७ हँडबॅगा सापडल्या, हे जगभर छापून आलं. लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. हँडबॅगांवरून घोटाळा समजत नाही.

मलेशियाचंच प्रकरण घेऊन रकाने भरू.

‘वन एमडीबी’ ही २००९ साली उभी राहिलेली सरकारी गुंतवणूक कंपनी. देशाच्या विकासासाठी पैसा उभारायचा, हा तिचा जाहीर उद्देश. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या म्हणण्यानुसार यातून सुमारे साडेचार अब्ज डॉलर वळवले गेले. (इंग्रजी बातमीतला बिलियन म्हणजे अब्ज, शंभर कोटी. हे पक्कं करून ठेवा, इथे बरीच मुलं घसरतात.) पहिला रकाना सोपा वाटतो: जनतेचे पैसे. पण तेवढ्यावर थांबू नका. या कंपनीकडे स्वतःची ठेव फारशी नव्हती, तिने कर्ज काढलं होतं. २०१२ आणि २०१३ मध्ये गोल्डमन सॅक्स या बँकेने तिच्यासाठी तीन वेळा रोखे विकून साडेसहा अब्ज डॉलर उभे केले आणि त्यापोटी सुमारे ६० कोटी डॉलर शुल्क घेतलं. म्हणजे पैसे गेले ते अजून न कमावलेले, पुढच्या दहा वर्षांच्या करांतून यायचे होते ते. पहिल्या रकान्यात ‘जनतेचं पुढचं उत्पन्न’ असं लिहा. चौथा रकाना भरताना याचा उपयोग होतो.

आता सही. नजीब एकाच वेळी पंतप्रधान होते, अर्थमंत्री होते आणि या कंपनीच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्षही होते. कंपनीच्या नियमावलीतल्या ११७ व्या कलमानुसार मोठ्या व्यवहारांना पंतप्रधानांची लेखी मंजुरी लागत होती. मागणारा, मंजूर करणारा आणि देखरेख करणारा एकच माणूस असला, तर मला तपासणीची निम्मी दिशा तिथेच मिळते. पतसंस्थेत अध्यक्षाच्या घरच्या माणसाला कर्ज, त्याला जामीन संचालक आणि ठरावाला सूचक-अनुमोदक तेच दोघे, असं दिसलं की आम्ही आधी ती फाइल उघडायचो. कोणत्याही देशाची बातमी वाचताना हे पहिलं बघा: एका माणसाकडे किती खुर्च्या होत्या?

एक व्यवहार जवळून बघा. सप्टेंबर २००९ मध्ये कंपनीने पेट्रोसौदी नावाच्या कंपनीशी भागीदारी केली आणि एक अब्ज डॉलर द्यायचं ठरवलं. त्यातले ७० कोटी डॉलर भागीदारीच्या खात्यात गेलेच नाहीत. ते गेले झुरिकमधल्या एका बँकेत, ‘गुड स्टार’ नावाच्या कंपनीच्या खात्यात, आणि ती कंपनी जो लो या मध्यस्थाच्या ताब्यात होती. ‘वन एमडीबी’ स्थापन होऊन वर्षही उलटलं नव्हतं. घोटाळा म्हणजे वर्षानुवर्षं हळूहळू लागणारी कीड, अशी आपली समजूत असते. इथे पहिल्याच मोठ्या व्यवहारात पैसा फुटला. म्हणून सुरुवातीच्या तारखा नीट उतरवून घ्या.

तिसरा रकाना मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि मुलं तोच कोरा सोडतात. हरकत घेणारे तिथे होते का? होते. लेखापरीक्षकांचंच बघा. अर्न्स्ट अँड यंग या फर्मला पहिला ताळेबंद पुरा होण्याआधीच २०१० मध्ये काढलं. मग केपीएमजी आली. केमन बेटांवरच्या फंडात ठेवलेल्या सुमारे २.३ अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीमागे खरोखर काय आहे, याचे कागद तिने मागितले. कागद मिळाले नाहीत, तिने सही केली नाही आणि २०१३ संपता संपता तीही गेली. त्यानंतर डेलॉइट आली आणि तिने सही केली. त्याच डेलॉइटने २०१६ मध्ये राजीनामा दिला आणि आपण तपासलेल्या २०१३ व २०१४ च्या ताळेबंदांवर विसंबू नका, असं जाहीर केलं. लेखापरीक्षक मध्येच बदललेला दिसला की आधी मागच्याचा अहवाल काढायचा, ही आमच्या कामातली जुनी सवय. ही माहिती दडलेली नव्हती. ज्याला वाचायचं होतं त्याला २०१४ मध्येच दिसत होतं की काहीतरी गंभीर आहे.

जुलै २०१५ मध्ये तर एकाच आठवड्यात सगळं झालं. नजीब यांच्या वैयक्तिक खात्यात सुमारे ६८ कोटी डॉलर जमा झाल्याची बातमी महिन्याच्या सुरुवातीला आली होती. तपास करत असलेल्या महाधिवक्त्यांना आरोग्याचं कारण देऊन पदावरून दूर केलं. जाहीर प्रश्न विचारणाऱ्या उपपंतप्रधानांना मंत्रिमंडळातून काढलं. प्रकरण लावून धरणाऱ्या ‘द एज’ या प्रकाशनाचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित केला. नव्या महाधिवक्त्यांनी जानेवारी २०१६ मध्ये पंतप्रधानांनी गुन्हा केलेला नाही, पैसा सौदी राजघराण्याची देणगी होती, असं सांगून फाइल बंद केली. महालेखापरीक्षकांचा अहवाल गोपनीय ठरवला गेला, तो खुला झाला मे २०१८ मध्ये, सरकार बदलल्यावर. तिसऱ्या रकान्यात या प्रत्येकाचं पद लिहा, समोर तारीख लिहा. तारखा एकाखाली एक आल्या की वेगळं भाष्य करावं लागत नाही.

चौथा रकाना: ते रोखे दहा वर्षांच्या मुदतीचे होते. २०२२ आणि २०२३ मध्ये त्यांची मुदत भरली तेव्हा मुद्दल सरकारला फेडावं लागलं. गोल्डमन सॅक्सने २०२० मध्ये मलेशियाशी ३.९ अब्ज डॉलरची तडजोड केली, त्यात जप्त मालमत्तेतून परत मिळण्याची हमी धरलेली होती. बालीजवळ पकडलेली ‘इक्वानिमिटी’ ही आलिशान नौका सुमारे २५ कोटी डॉलरची. विकली तेव्हा १२.६ कोटी आले. जप्ती झाली म्हणजे पैसे वसूल झाले, असं कधीही धरू नका.

मलेशिया तुलनेने श्रीमंत देश. त्याची अर्थव्यवस्था तेव्हा सुमारे ३०० अब्ज डॉलरची होती, त्यामुळे तो घाव तिला सोसला. आता मोझांबिक घ्या. रक्कम निम्म्याहून कमी, सुमारे दोन अब्ज डॉलर, पण त्या देशाच्या अर्थव्यवस्थेच्या मानाने साधारण १२ टक्के. रक्कम नेहमी त्या त्या देशाच्या आकाराशी ताडून बघा. डॉलरचे रुपये करून डोळे विस्फारण्यात वेळ घालवू नका.

तिथे २०१३-१४ मध्ये तीन सरकारी कंपन्या निघाल्या: एमाटुम, प्रोइंडिकस आणि एमएएम. मासेमारीचा ताफा, किनाऱ्याची सुरक्षा आणि जहाजदुरुस्तीच्या गोद्या, अशी कारणं सांगून क्रेडिट स्विस आणि रशियाच्या व्हीटीबी बँकेमार्फत कर्जं उचलली. अर्थमंत्री मानुएल चांग यांनी सरकारी हमीवर सह्या केल्या. संसदेला विचारलं नाही, आणि त्यातली दोन कर्जं तर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपासूनही लपवून ठेवली. २०१६ मध्ये ती उघडकीस आली. नाणेनिधीने मदत थांबवली, मदत करणाऱ्या देशांनीही अर्थसंकल्पाला दिला जाणारा पैसा रोखला, मेटिकल हे चलन कोसळलं आणि जानेवारी २०१७ मध्ये देशाने व्याजाचा हप्ता चुकवला. क्रोल या संस्थेने तपासणी केली तेव्हा जहाजं आणि साहित्याची किंमत ७१ कोटी डॉलरनी फुगवलेली आढळली, आणि ५० कोटींचा खुलासाच मिळाला नाही. टूना पकडायला आणलेल्या नौका मापुतोच्या बंदरात गंजत राहिल्या.

इथे चौथा रकाना भरताना माझा जीव तुटतो. ‘परिणाम: विकास खुंटतो’ हे टिपणातलं वाक्य ज्याने लिहिलं, त्याने हे आकडे बघितलेले नसतात. नॉर्वेतली ख्रिश्चन मिकेल्सन इन्स्टिट्यूट आणि मोझांबिकमधल्या एका संस्थेने २०२१ मध्ये हिशेब मांडला: दोन अब्जांच्या कर्जामुळे देशाचं एकूण नुकसान सुमारे ११ अब्ज डॉलर, आणि जवळपास २० लाख माणसं गरिबीत ढकलली गेली. हा अंदाज आहे, अंदाज म्हणूनच लिहा. पण चोरीला गेलेली रक्कम आणि देशाने सोसलेली रक्कम या वेगळ्या असतात, हे त्यातून शिका. दुसरी नेहमी मोठी असते, कारण एकदा पत गेली की पुढचं प्रामाणिक कर्जही महागतं, आणि सरकार पहिली कात्री लावतं ती औषधांना, शाळांना. चांग डिसेंबर २०१८ मध्ये जोहान्सबर्ग विमानतळावर पकडले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्यांना साडेआठ वर्षांची शिक्षा दिली. त्याने बंदरातल्या बोटी चालू होत नाहीत.

कागद मिळवायचे कुठून, हा प्रश्न मुलं विचारतात. बातमीवर थांबू नका. ‘वन एमडीबी’बद्दल अमेरिकेच्या न्याय खात्याने जुलै २०१६ मध्ये केलेला जप्तीचा दावा जाहीर आहे. त्यात नजीब यांचं नाव नाही, ‘मलेशियन ऑफिशियल १’ असं म्हटलंय. कायद्याची कलमं सोडून द्या आणि कोणत्या तारखेला कोणत्या खात्यातून कुठे पैसे गेले, तो भाग वाचा. इंग्रजी कच्चं असलं तरी तो भाग समजतो, कारण तिथे नावं, रकमा आणि तारखाच असतात. मात्र दावा म्हणजे आरोप. तडजोड म्हणजे खटला पुरा न चालवता मिटवलेलं प्रकरण. शिक्षा म्हणजे न्यायालयाने पुरावा मान्य केला, आणि तीही अपिलात टिकली का ते बघावं लागतं. प्रत्येक नोंदीपुढे यापैकी काय ते लिहाच.

ब्राझीलमुळे हे फार नीट कळतं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘लावा जातो’ तपासात पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीची कंत्राटं आणि ओडेब्रेख्त या बांधकाम कंपनीची लाच बाहेर आली. १२ देशांत सुमारे ७८.८ कोटी डॉलर लाच दिल्याची कबुली निघाली, कंपनीत त्यासाठी स्वतंत्र विभागच होता. तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष असलेले लुला तुरुंगात गेले. त्यांना शिक्षा देणारे न्यायाधीश सर्जिओ मोरो २०१९ मध्ये लुलांच्या राजकीय विरोधकाच्या मंत्रिमंडळात न्यायमंत्री झाले. २०२१ मध्ये लुलांच्या शिक्षा रद्द झाल्या आणि मोरो यांनी पक्षपात केला, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. आता कोणी म्हणतं सगळंच कुभांड होतं, कोणी म्हणतं चोर सुटले. दोन्ही घाईचे निष्कर्ष आहेत. ओडेब्रेख्तची कबुली, पेट्रोब्रासला परत आलेले पैसे हे एक. एका आरोपीचा खटला नियमाने चालला नाही हे दुसरं. वहीत त्यांच्या दोन वेगळ्या ओळी करा. तपास करणाऱ्यानेच नियम मोडले की खरा पुरावाही वाया जातो, म्हणून मला या प्रकरणाचा फार राग येतो.

देशांच्या क्रमवारीबद्दल थोडक्यात. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलचा निर्देशांक शून्य ते शंभर गुण देतो, पण ते गुण तज्ज्ञ आणि व्यावसायिकांना त्या देशातल्या सरकारी कारभाराबद्दल काय वाटतं, याचे असतात. पैसा लपवायला कोणी जागा दिली, हे तो मोजत नाही. डेन्मार्क नेहमी वरच्या क्रमांकात असतो. त्याच देशातल्या डान्स्के बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून २००७ ते २०१५ या काळात सुमारे २०० अब्ज युरोंचे व्यवहार गेले, त्यातला मोठा भाग संशयास्पद होता. गुड स्टारचं खातं कुठे होतं, ते वर आलंच आहे. उत्तरपत्रिकेत क्रमांक जरूर लिहा, पण निष्कर्ष त्यावर बांधू नका.

सरावाला दक्षिण आफ्रिका घ्या. माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्या काळातल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या झोंडो आयोगाचे अहवाल २०२२ मध्ये टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाले, साक्षीही टीव्हीवर दाखवल्या गेल्या. अहवाल प्रचंड आहे, सगळा वाचायला जाल तर सोडून द्याल. तिसऱ्या रकान्यापासून सुरू करा. सरकारी जाहिरातींचा पैसा झुमांच्या जवळचे उद्योजक गुप्ता बंधू यांच्या माध्यमांकडे वळवायला नकार देणारे अधिकारी थेंबा मासेको, आणि अर्थमंत्रिपदासह ६० कोटी रँड देऊ केले गेले, असं सांगणारे उपअर्थमंत्री मसेबिसी जोनास, या दोघांच्या साक्षी आधी काढा. त्यांना कोणी बोलावलं, कुठे भेटले, नकार दिल्यावर पदाचं काय झालं, एवढंच उतरवा. मग त्या तारखांवरून मागे जात सह्या शोधा. वीज कंपनी एस्कॉम आणि रेल्वे-बंदरं सांभाळणारी ट्रान्सनेट यांची कंत्राटं तिथेच सापडतील.