बूटच्या अगदी सुरुवातीला चालणारा युडेव्ह रूल

लिनक्समध्ये डिव्हाइसना नावं देण्याचं काम युडेव्ह करतो. त्याचा रूल /ईटीसी/युडेव्ह/रूल्स.डी मध्ये टाकला, रिलोड मारला, चालला. रीबूट केलं की बूटच्या वेळी त्याचा पत्ता नाही. ‘फाइलचं नाव ९९ ने सुरू करा’ हा सल्ला इथे हमखास मिळतो. करून बघा, काही फरक पडत नाही. रूट डिस्क माउंट होण्याआधी सगळा कारभार इनिट्रॅमएफएस या छोट्या गाठोड्यातून चालतो आणि तुमची फाइल त्यात गेलेलीच नसते.

पुढचं सगळं डेबियनसाठी. माझ्या एन्क्रिप्टेड रूट डिस्कची किल्ली दोन पेनड्राइव्हवर आहे, एक खिशात, एक कपाटात. कुठलाही लावला तरी /डेव्ह/किल्ली हेच नाव मिळायला हवं. पेनड्राइव्ह एकच असेल तर या भानगडीत पडू नका, /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी मधलं तयार नाव वापरा.

‘युडेव्हएडीएम इन्फो -ए’ ने दोन्ही सिरियल काढा. रूलच्या फाइलमध्ये प्रत्येक सिरियलसाठी एक अशा दोन ओळी, सिमलिंक (म्हणजे पर्यायी नाव) एकच.

आता हुक, म्हणजे गाठोडं बांधताना चालणारी स्क्रिप्ट. /ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/हुक्स मध्ये छोटी शेल स्क्रिप्ट करा. सुरुवातीचा साचा इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या मॅन पानावरून जसाच्या तसा उचला. पुढे डेस्टडिरच्या (गाठोडं जिथे बांधलं जातं त्या फोल्डरच्या) आत तसाच ईटीसी/युडेव्ह/रूल्स.डी फोल्डर बनवून त्यात फाइल कॉपी करा. मग स्क्रिप्ट एक्झिक्युटेबल करा. ही शेवटची पायरी विसरल्यामुळे माझे दोन रविवार वाया गेलेत. हुक गुपचूप वगळला जातो, एरर नाही, साधी वॉर्निंगही नाही, आणि तुम्ही बिचाऱ्या रूलमधल्या अवतरणचिन्हांवर संशय घेत बसता.

रूलमध्ये ‘रन’ लावून स्वतःची स्क्रिप्ट चालवू नका. गाठोड्यात ती नसते. कोंबलीत, तर दुसरीच गंमत: रूट माउंट झाल्यावर सगळ्या डिव्हाइसना पुन्हा ‘अ‍ॅड’ची हाक जाते आणि स्क्रिप्ट दोनदा चालते. इथे फक्त नाव द्यायचं.

‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’ चालवा. ‘-के ऑल’ अजिबात नको! नुसत्या ‘-यू’ ने सर्वांत नव्या कर्नलचंच गाठोडं बदलतं. काही बिनसलं तर ग्रबमधून (बूटच्या मेनूतून) जुन्या कर्नलवर परतता येतं. मग ‘एलएसइनिट्रॅमएफएस’ च्या यादीत आपली फाइल शोधा. नसेल तर रीबूट करूच नका, हुककडे परत जा.

पहिल्या रीबूटला ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीला ‘ब्रेक=प्रीमाउंट’ जोडा. शेल मिळेल. तिथे /डेव्ह/किल्ली दिसली, की ‘एक्झिट’ करून बूट पुढे जाऊ द्या. एन्क्रिप्टेड डिस्कची नोंद असलेल्या क्रिप्टटॅब फाइलमधलं किल्लीचं नाव त्यानंतरच बदला, आणि गाठोडं पुन्हा बांधा.