लातुरात किरायाच्या रूमांची बिल्डिंग घ्यायचीय? आधी आतल्या माणसांचा हिशोब घ्या

आमच्या नात्यातले दोघं आणि ऑफिसातला एक जण सध्या लातुरात आठ-दहा रूमांची तयार बिल्डिंग बघायलेत, रोज कुणीतरी विचारतंय काय काय तपासायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. मी २०२२ च्या ऑगस्टमध्ये औसा रोडच्या बाजूला नऊ रूमांची बिल्डिंग घेतली. कागद बघितले, वकील लावला, बोअर चालवून बघितला आणि एक गोष्ट विसरलो. त्या एका गोष्टीपायी पावणेतीन लाख गेले आणि दीड वर्ष झोप उडाली. किरायेदारांचे करार आणि त्यांची डिपॉझिटं. खाली परत परत हेच येईल, कंटाळू नका.

जमिनीच्या कागदांवर मी जास्त बोलत नाही. सातबारा किंवा पीआर कार्ड, फेरफार, एनए, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र, हे तुमचा वकील मागणारच. फक्त वकील तुमचा पाहिजे, मालकाने सुचवलेला नको. गुंठेवारीत, म्हणजे परवानगी न घेता गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेल्या प्लॉटांत, मात्र स्वतः लक्ष घाला. शहर ज्या बाजूने वाढतंय तिकडे गुंठेवारीचे प्लॉट पुष्कळ आहेत, आणि मालक म्हणतो होऊन जाईल नियमित. गुंठेवारी कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करता येतात, पण येतात म्हणजे झालीत असं नाही, प्रमाणपत्र हातात द्या म्हणा. आणि परवाना किती मजल्यांचा आहे ते नकाशावर बोट ठेवून बघा, किरायासाठी बांधलेल्या बिल्डिंगीत वरचा मजला बऱ्याचदा नंतर चढवलेला असतो.

तसा मजला दिसला की स्ट्रक्चरल इंजिनिअर नेल्याशिवाय पुढे जाऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या जिल्ह्याने बघितलीय. किल्लारी इथून काही लांब नाही. कॉलम आहेत का नुसत्या विटांच्या भिंतींवर स्लॅब टाकलाय, एवढं तरी कळलंच पाहिजे, आत दुसऱ्यांची लेकरं झोपणार आहेत.

आता किरायाचं गणित. लातुरात रूमा चालतात त्या ट्युशनवर. बाहेरगावची पोरं दहावीचा निकाल लागला की येतात, जून-जुलैत रूमा भरतात आणि मेच्या सुरुवातीला मेडिकलची नीट परीक्षा झाली की गाद्या बांधून निघतात. म्हणून बिल्डिंग बघायची तर मे महिन्यात बघा. मी ऑगस्टला बघितली, नऊच्या नऊ भरलेल्या, खूश झालो. वर्षाचा किराया बारा महिन्यांचा धरू नका, दहाचा धरा. नऊ रूमा, सरासरी ४५०० रुपये, म्हणजे महिन्याला ४०,५०० आणि दहा महिन्यांचे ४ लाख ५ हजार, त्यातून घरपट्टी, मोटार, रंग, गळती. आणि ५० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता पन्नास हजारांच्या वर जातो. किरायातून हप्ता निघतो असं जे सांगतात त्यांना हा हिशोब कागदावर मांडायला लावा. ट्युशनं जिथे आहेत त्या उद्योग भवनाकडून पोरगं पायी किंवा सायकलवर किती वेळात येतं तेही स्वतः चालून बघा, किराया त्यावर ठरतो. नुसत्या पोरांवर अवलंबून राहू नये असं माझं मत झालंय, एक-दोन युनिट नोकरीवाल्या कुटुंबाला द्या. पण कुटुंब जुनं असेल आणि बिल्डिंगीसोबत आलेलं असेल तर त्याचा करार आधी बघा, माझं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालं.

पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं या गावाला, हे माहीत असून माणसं हौद न बघता इसार देतात, मला कळत नाही. नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते मालकाला नको, शेजाऱ्याला विचारा. मग साधा गुणाकार करा: २४ माणसं, माणशी १०० लिटर, दिवसाला २४०० लिटर, आणि पाणी आठ दिवसांनी येणार असेल तर १९,२०० लिटरचा साठा लागतो. माझ्याकडे हौद होता ५००० चा. बोअर आहे म्हणून मालक सांगेल, बोअर एप्रिल-मेमध्ये किती वेळ चालतो ते विचारा, आणि टँकरची गाडी गल्लीत वळते का ते बघून घ्या.

लाईट. प्रत्येक रूमला महावितरणचा स्वतंत्र मीटर पाहिजे. एकच मीटर आणि आत सबमीटर असं असेल तर सगळ्यांचे युनिट एकत्र मोजले जातात, १०० च्या स्लॅबमध्ये बसणारी रूम ५०० च्या वरच्या दराने बिल भरते, आणि मग पोरांशी दर महिन्याला वाद. नवीन मीटर घेता येतात, पण जुनी थकबाकी किती ते आधी काढा.

आता मुख्य. मालकाने मला एक वहीचं पान दिलं होतं, रूम नंबर आणि समोर किराया. मी त्यावर विश्वास ठेवला. करार दोनच होते, तेही शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेले, बाकी सगळं तोंडी. रजिस्ट्री झाली, सगळे पैसे देऊन झाले. पुढच्या मेमध्ये सहा पोरांचे आईवडील आले, डिपॉझिट द्या. प्रत्येकी १५ हजार, एकूण ९० हजार, घेतलेले जुन्या मालकाने आणि मागायला माझ्या दारात. त्यांचं काय चुकलं? मालक बदलला तर ते नव्याकडेच मागणार. जुना मालक म्हणाला सगळं व्यवहारात आलं, आणि माझ्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं.

खालच्या मजल्यावरचं कुटुंब सहा वर्षांपासूनचं. ते म्हणाले किराया २५०० आणि डिपॉझिट दीड लाख. वहीच्या पानावर ५००० आणि २० हजार. वकिलाकडे गेलो तर त्याने महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ समोर ठेवलं. करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, नोंदवायची जबाबदारी घरमालकाची, आणि तसा करार नसेल तर अटींबद्दल किरायेदार जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं आपण. वर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही असं आपल्याकडे सर्रास सांगतात. महाराष्ट्रात ते चूक आहे. परत लिहितो, चूक आहे. शेवटी दीड वर्षाने एक लाख देऊन ते कुटुंब गेलं. त्यात पोरांच्या डिपॉझिटांचे ९० हजार, माझा कमी आलेला किराया ४५ हजार आणि वकिलाचे ४० हजार धरा, बेरीज वर सांगितलीच.

त्यामुळे इसार देण्याआधी हे करा, आणि यातलं एकही सोडू नका. संध्याकाळी पोरं रूमवर असतात तेव्हा मालकाला सोबत घेऊन प्रत्येक दार वाजवा. किरायेदाराला स्वतः विचारा: कधीपासून राहता, किराया किती, डिपॉझिट किती आणि कोणाला दिलं, कुठपर्यंतचा किराया भरलाय, कागद काय आहे. तिथेच लिहा, त्याची सही, मालकाची सही. पोरगं असेल तर वडिलांना फोन लावा, डिपॉझिट त्यांनी दिलेलं असतं आणि पावती गावाकडे असते. एखादी रूम बंद दिसली तर दुसऱ्या दिवशी परत जा, मालक म्हणेल तो चांगला माणूस आहे, सांगतो मी त्याला, तर नाही म्हणा. ही यादी इसारपावतीला जोडा, खरेदीखतात परिशिष्ट म्हणून टाका, आणि डिपॉझिटांची जी बेरीज येईल ती शेवटच्या चेकमधून वजा करा. मालक नंतर देतो म्हणाला तरी वजाच करा. मालक दारोदार यायलाच तयार नसेल तर तो व्यवहार सोडून द्या, मी आज तेच करीन.

मग खरेदी झाल्यावर महिनाभरात सगळ्यांचे नवीन लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठराविक मुदतीचे किरायाचे करार, ऑनलाइन रजिस्टर करून घ्या. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, नोंदणी फी शहरात १००० रुपये, एवढ्यासाठी टाळाटाळ करू नका. अकरावी-बारावीची पोरं बहुतेक अठराच्या आतली, त्यांच्या सहीला किंमत नाही, करार आई किंवा वडिलांच्या नावाने करा, म्हणजे ॲडमिशनच्या वेळी ते गावात असतात तेव्हाच अंगठ्याचा ठसा उरकून घ्या, नंतर कुणी येत नाही. करार नोंदलेला असला की मुदत संपूनही कुणी हललं नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तोपर्यंत करारातल्या किरायाच्या दुप्पट शुल्क मागता येतं. पोलिस ठाण्यात माहिती द्या.

बाकीचं पटपट. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा. इन्कम टॅक्सला घरपट्टी वजा जाऊन उरलेल्या किरायावर ३० टक्के सूट मिळते, त्यासाठी घरपट्टी तुमच्याच खात्यातून भरा. महापालिकेत भाग भाड्याचा म्हणून नोंदलाय का मालकाच्या स्वतःच्या राहण्याचा ते बघा, नाहीतर मागचा फरक तुमच्यावर निघेल. सेप्टिक टँक उपसून घ्या. जिन्यात लाईट लावा, मुली ठेवणार असाल तर गेटला कॅमेरा आणि रात्री कुणीतरी जबाबदार माणूस हवा, त्यात काटकसर नको. विमा भूकंपासहित. फेरफार, घरपट्टी, नळ, मीटर सगळ्यावर नाव लावून घ्या. आणि किराया यूपीआयने आला तरी दर महिन्याला पावती द्या, पावतीवर रूम नंबर आणि डिपॉझिटचा आकडा दरवेळी लिहा.