तापल्या लोखंडाला भोक पाडताना

पट्टी पिवळसर नारिंगी होईपर्यंत तापवा आणि ऐरणीच्या सपाट भागावर ठेवा, ऐरणीतल्या भोकावर नको. तिथे पहिल्याच घावाला पट्टी खाली दबते. सुंबा (भोक पाडायचं पोलादी हत्यार) उभा धरून तीन-चार घाव घाला, लगेच उपसून पाण्यात बुडवा. आत राहिला तर तोच तापून मऊ पडतो, टोक पसरतं आणि अडकून बसतो. खड्ड्यात चिमूटभर कोळशाची पूड टाकली की सुटायला सोपा. घाव टणक लागू लागला की पट्टी उलटा. ऐरणीला टेकून थंडावलेला काळसर ठिपका दिसेल, पण क्षणभरच. सुंबा नेमका त्यावर टेकवा, पट्टी ऐरणीच्या भोकावर सरकवा, ठोका. चकती खाली पडते. लाली मंदावली की थांबा, पुन्हा तापवा. थंड पट्टी कडेला चिरते.