कामाच्या भूमिकेनुसार ईमेल-यादीचे वर्गीकरण

भोसरी, चाकण, रांजणगाव येथील कारखान्यांना कॅलिब्रेशनची, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांची अचूकता तपासून प्रमाणपत्र देण्याची सेवा देणाऱ्या व्यवसायाकडे काही वर्षांत हजारभर ईमेल-पत्ते सहज जमतात. मात्र सर्वांना एकच मजकूर पाठवला, तर तो बहुतेकांच्या उपयोगाचा नसतो. यादी वेगळी करताना पदनामावर विसंबू नये. ‘मॅनेजर’ असे छापलेला माणूस मोठ्या कंपनीत केवळ दर ठरवत असेल, तर दहा-बारा कामगारांच्या वर्कशॉपमध्ये खरेदी, क्वालिटी आणि हिशेब हे सारे मालकच पाहतो. म्हणून एक्सेलमध्ये ‘भूमिका’ असा स्वतंत्र रकाना करावा आणि ही व्यक्ती आपल्या सेवेबाबत कोणता निर्णय घेते, एवढेच त्यात लिहावे.

ही माहिती बहुधा आपल्याच जुन्या पत्रव्यवहारात सापडते. कोटेशन सुधारून मागणारा परचेसचा असतो, तर प्रमाणपत्राची प्रत आणि मान्यतेची व्याप्ती (आपल्या प्रयोगशाळेला कोणत्या तपासण्यांची मान्यता आहे) विचारणारा क्वालिटीचा.

क्वालिटीच्या गटावर सर्वाधिक मेहनत घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. वाहन-उद्योगाच्या पुरवठादारांना लागू होणारे आयएटीएफ १६९४९ हे मानक बाहेरच्या प्रयोगशाळेकडून साधारणपणे आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या मानकाची मान्यता अपेक्षिते, आणि ऑडिटच्या दिवशी मायक्रोमीटरचे प्रमाणपत्र मुदतीत आहे का, याचे उत्तर याच माणसाला द्यावे लागते. त्यामुळे ‘आपल्या उपकरणांची मुदत पुढील महिन्यात संपत आहे’ ही विषयओळ त्याला सवलतीच्या जाहिरातीपेक्षा अधिक मोलाची वाटते. परचेसला दर, उपकरणे नेण्या-आणण्याची सोय आणि लागणारे दिवस कळवावेत. अकाउंट्सला जाहिरात पाठवूच नये. आपली ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी सूक्ष्म किंवा लघु गटात असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार कमाल ४५ दिवसांत देयक चुकते करणे बंधनकारक असल्याची नम्र आठवण बिलासोबत पुरेशी आहे. छोट्या वर्कशॉपच्या मालकांसाठी चौथा गट करून दर, मुदत आणि प्रमाणपत्र या तिन्ही गोष्टी एकाच आटोपशीर पत्रात मांडाव्यात.

याहून अधिक गट करण्याचा मोह टाळावा, कारण ज्या गटासाठी वेगळे पत्र लिहायला आपल्याकडे मजकूर नाही, तो गट यादीत असून उपयोग नाही.

पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, हे पाठवण्याचा वार ठरवताना ध्यानात ठेवावे. परिणाम मोजताना किती जणांनी पत्र उघडले या आकड्यावर भिस्त ठेवू नये. ॲपलच्या मेल ॲपमधील २०२१ पासूनच्या गोपनीयता-सोयीमुळे न वाचलेले पत्रही उघडल्यासारखे नोंदले जाऊ शकते. प्रत्येक गटातून आलेली उत्तरे आणि कोटेशनच्या मागण्या मोजाव्यात.

एखाद्याने पत्रे नकोत असे कळवल्यास त्याचे नाव सर्वच गटांतून काढावे. पत्ता बंद झाल्याचा संदेश आला, तर मात्र ओळ लगेच पुसू नये. त्या खुर्चीवर आता कोण बसते, हे कारखान्यात फोन करून विचारावे आणि नव्या माणसाची भूमिका पुन्हा तपासूनच रकाना भरावा.