पोचलास की कळव

जवळच्या माणसासाठी सुलेखनाचं कार्ड करताना त्यावर काय लिहू, हा प्रश्न मला निब आणि शाईपेक्षा जास्त वेळा विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: त्या माणसाला तुम्ही एरवी जे म्हणता, तेच लिहा. माझा नवरा रात्रीच्या प्रवासाला निघाला की मी दारात एवढंच म्हणते, ‘पोचलास की कळव.’ त्याच्यासाठी केलेल्या पहिल्या कार्डावर चंद्र होता, चांदणं होतं, जन्मोजन्मीची साथ होती. ते त्याने वाचलं आणि कपाटात ठेवलं. दुसऱ्यावर हे तीन शब्द लिहिले. ते कार्ड अजून त्याच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात असतं.

वाक्य ठरलं की त्यातला एकच शब्द मोठा करायचा. इथे ‘कळव’. का, तर विनवणी त्यात आहे. आणि अक्षरांच्या दृष्टीनेही तो सोन्यासारखा शब्द आहे: वर मात्रा नाही, वेलांटी नाही, खाली उकार नाही. शिरोरेषा मोकळी मिळते. तुमच्या वाक्यात उकार आणि वेलांट्या भरपूर असतील, तर आधी पेन्सिलने दोन्ही ओळी मांडून बघा. वरच्या ओळीतल्या ‘तू’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘की’च्या वेलांटीवर आदळला, तर ओळींतलं अंतर वाढवण्यापेक्षा शब्द सरकवा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

कार्डाला ए5 आकाराचा कागद मधोमध दुमडून घ्या, म्हणजे 105 बाय 148 मिमीचं दर्शनी पान मिळतं. कागद गुळगुळीत आणि 200 ते 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) हवा, खरखरीत कागदावर बारीक रेघ तुटते. कट निब, म्हणजे सपाट, तिरक्या कापलेल्या टोकाची निब, घेताना ती देवनागरीची आहे ना, हे बघा. रोमन अक्षरांच्या निबेचा काप उलट्या बाजूला तिरका असतो, त्यामुळे जाड-बारीक नको तिथे येतं. मोठ्या शब्दाला मी 4 मिमीची निब वापरते आणि अक्षराची उंची तिच्या पाचपट, म्हणजे 20 मिमी ठेवते. बाकी शब्दांना दीड मिमीची पुरते. धातूची निब नवी असेल तर साबणाने धुवा, तिच्यावर तेलाचा हात असतो आणि शाई नीट उतरत नाही. कागदालाही हाताचं तेल लागतं, म्हणून तळहाताखाली कोरा कागद ठेवा.

आता ‘ळ’. हे अक्षर घाईने लिहू नका. आधी शिरोरेषेपासून छोटा दांडा खाली आणा आणि थांबा. मग डावी वाटी. निब वाटीबरोबर वळवायची नाही, तिचा कोन सुरुवातीला धरला तसाच राहू द्यायचा. हात फिरतो, निब नाही. असं केलं की रेघ आपोआप एका बाजूला भरते आणि दुसऱ्या बाजूला केसासारखी होते. निब उचला, मग उजवी वाटी. दोन्ही वाट्या मापाने सारख्या नसल्या तरी चालतं, पण आतल्या दोन पोकळ्या डोळ्यांना सारख्या भासल्या पाहिजेत. मी रद्दी कागदावर तीस-चाळीस ‘ळ’ काढते, हात सैल होईपर्यंत, आणि मगच कार्ड पुढे ओढते.

तिन्ही अक्षरं झाल्यावर शिरोरेषा द्या, एका दमात, डावीकडून उजवीकडे. ‘व’वर न थांबता मी ती थेट कार्डाच्या कडेपर्यंत नेते. त्या लांब रेघेत मला त्याचा रस्ता दिसतो. रेघ ओढताना नजर निबेवर नको, जिथे पोचायचं त्या कडेवर ठेवा. ‘पोचलास की’ हे शब्द वर डावीकडे, लहान.

शाई वरून सुकलेली दिसते तेव्हा जाड भागात अजून ओल असते. पेन्सिलच्या रेघा निदान तासाभराने खोडा, मऊ खोडरबराने, न घासता टिपल्यासारख्या.

कार्डाच्या आत मात्र कट निब नको. तिथे तारीख आणि नाव नेहमीच्या पेनाने, रोजच्या अक्षरात लिहा. चिठ्ठीवर, वहीवर त्याने बघितलेलं तुमचं अक्षर तेच आहे.